देवासाठी दुसरा कप: ‘व्हेन गॉड टॉक्स बॅक’ वाचल्यावर

सकाळी उठायचं, कॉफी करायची, एक कप स्वतःसाठी ओतायचा आणि दुसरा देवासाठी. मग समोर बसून त्याच्याशी गप्पा मारायच्या. नोकरी, भाडं, कालचं भांडण, जे मनात असेल ते. शिकागोतल्या एका चर्चच्या पाळकाने आपल्या मंडळीला हा सराव सुचवला होता. हसू येतंय? मलाही आलं होतं. पण टान्या लुहरमन यांचं ‘व्हेन गॉड टॉक्स बॅक’ (२०१२) वाचून संपलं तेव्हा हसू गेलेलं होतं आणि एक तक्रार शिल्लक होती. आजची पोस्ट त्या तक्रारीबद्दल आहे.

आधी पुस्तकाबद्दल. लुहरमन स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ. व्हिनयर्ड नावाच्या, १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या चर्च-चळवळीत त्यांनी चार वर्षं काढली, दोन शिकागोत आणि दोन कॅलिफोर्नियात. रविवारची उपासना, घरोघरी भरणारे छोटे प्रार्थनागट, सगळीकडे त्या जाऊन बसल्या. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. न दिसणारा, न ऐकू येणारा देव चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना जिवलग मित्रासारखा खरा कसा वाटू लागतो?

त्यांचं उत्तर असं की ही मैत्री शिकावी लागते. नवा माणूस चर्चमध्ये येतो तेव्हा त्याला काहीही ऐकू येत नसतं. मग त्याला शिकवलं जातं की मनात येणाऱ्या हजार विचारांपैकी काही विचार तुझे नसतात, देवाचे असतात. ते ओळखायचे कसे? विचार अचानक आला का, आपण एरवी असा विचार केला असता का, तो बायबलमधल्या देवाच्या स्वभावाशी जुळतो का, त्याने मनाला शांती वाटते का, गटातल्या इतरांना तो पटतो का. सरावाने माणूस ही निवड करू लागतो. त्याच सरावात तो दुसरीही एक गोष्ट शिकतो, आपल्यावर कोणीतरी विनाअट प्रेम करतंय हे मानायला. हे दुसरं शिकणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, हे लुहरमन फार समजुतीने दाखवतात. ‘ही माणसं वेडी आहेत का?’ या प्रश्नालाही त्या एक पूर्ण प्रकरण देतात आणि ‘नाही’ असं स्पष्ट उत्तर देतात. देव आहे की नाही हे मात्र आपल्या शास्त्राला सांगता येणार नाही, असं त्या प्रामाणिकपणे मान्य करतात.

पुस्तकातला मला सगळ्यात आवडलेला भाग प्रयोगाचा. शंभरहून अधिक ख्रिस्ती माणसं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटांत वाटली. एका गटाला बायबलमधले उतारे ऐकवले आणि त्या प्रसंगात मनाने शिरायला सांगितलं. उदाहरणार्थ, स्तोत्र २३ मधला मेंढपाळ डोळ्यांसमोर आणा, त्याचा चेहरा बघा, त्याच्याशी बोला. रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, चार आठवडे. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ शुभवर्तमानांवरची व्याख्यानं ऐकली. महिन्यानंतर पहिल्या गटाची मनातली चित्रं जास्त ठसठशीत झालेली होती आणि नेहमीपेक्षा वेगळे अनुभवही त्यांनी जास्त सांगितले. शिवाय तल्लीन होण्याची क्षमता मोजणारी ३४ विधानांची एक जुनी प्रश्नावली आहे. तिच्यात ज्यांना जास्त गुण मिळतात, त्यांना देवाचा आवाज ऐकू येण्याची शक्यताही जास्त. म्हणजे थोडी उपजत देणगी आणि बराचसा रियाज. गाण्यासारखंच की हो.

आता माझी तक्रार. नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की माझं काम बेडकांच्या आवाजांवर आहे. पावसाळ्यात रात्रभर केलेल्या ध्वनिमुद्रणातून एका विशिष्ट जातीची हाक शोधायची. पाऊस, रातकिडे, ओढा, या सगळ्या गोंगाटात. या कामात पहिल्याच वर्षी एक धडा मिळतो. समजा काल मला दहा हाका सापडल्या आणि आज तीस. याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, माझा कान तीक्ष्ण झाला. दोन, माझा उंबरठा खाली आला, म्हणजे ज्या आवाजाला काल मी ‘छे, हा रातकिडा’ म्हटलं असतं त्याला आज ‘बेडूक’ म्हणते आहे. फोन खिशात थरथरला असं वाटून आपण बघतो आणि काहीच आलेलं नसतं, तसं. नुसत्या ‘तीस’ या आकड्यावरून यातलं काय झालं ते कळत नाही. त्यासाठी बेडूक खरंच कधी ओरडला हे वेगळ्या मार्गाने माहीत असावं लागतं.

देवाच्या बाबतीत असा वेगळा मार्ग संशोधकाकडे नाही, आणि हा लुहरमन यांचा दोष नव्हे. पण मग ‘सरावाने देव जास्त ऐकू येतो’ या निष्कर्षात कान किती आणि उंबरठा किती हे उघडंच राहतं. गटात बसलेल्या माणसाचा उंबरठा तर आजूबाजूचे लोकही खाली ओढत असतात.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. सोळा वर्षांची असताना तरुणांच्या एका शिबिराला गेले होते. शेवटच्या रात्री गोल करून बसलो आणि ‘देव आज तुझ्याशी काय बोलला’ ते एकेकाने सांगायचं ठरलं. माझ्या आधीच्या अकरा जणांशी देव बोलला होता. माझ्याशी बोलला नव्हता. माझी पाळी आली तेव्हा मी एक वाक्य रचून सांगितलं. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. एखादा संशोधक तिथे वही घेऊन बसला असता, तर माझी नोंद ‘ऐकू आलं’ या रकान्यात झाली असती. त्यानंतर कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की माझ्या विश्वासातच काहीतरी उणं आहे. ती ३४ विधानांची प्रश्नावली मी गेल्या महिन्यात भरून पाहिली. बहुतेक उत्तरं ‘नाही’ आली. तेव्हा जरा हायसं वाटलं, हे कबूल करते.

हे हायसं वाटणं लुहरमन यांच्यामुळेच. पण त्यांच्या मोजमापात माझ्यासारख्यांचं पुढे काय होतं? अगदी कमी गुण मिळालेल्या एका माणसाने त्यांना सांगितलं होतं की गुडघे टेकायला लावणारे जबरदस्त अनुभव मला येतच नाहीत. मग त्याची देवाशी मैत्री कच्ची समजायची का? पुस्तकात शेवटाकडे प्रार्थना निष्फळ ठरण्याबद्दलचं एक चांगलं प्रकरण आहे, पण तिथेही मैत्रीचा पुरावा म्हणून समोर येते ती मुख्यतः जवळीक जाणवणंच.

ख्रिस्ती परंपरा मात्र इथे जास्त सावध आहे. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या आविलाच्या तेरेसा यांनी प्रार्थनेची व्याख्याच मित्राशी होणारी जवळिकीची बोलणी अशी केली. पण त्याच आत्मचरित्रात त्या आपल्या अठरा वर्षांच्या कोरडेपणाबद्दल लिहितात. हातात पुस्तक नसेल तर प्रार्थनेला बसायचं त्यांना धाडस होत नसे. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा जगाला कळलं की त्यांनी जवळजवळ अर्धशतक देवाचं मौनच सोसलं होतं. या दोघींना कोणत्या रकान्यात घालणार?

योहानाच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात, येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. पण लगेच आधीच्या वचनात अट आहे: मी सांगतो ते कराल तर. आणि ते सांगणं म्हणजे एकमेकांवर प्रेम करा. तिथे मैत्रीची खूण ऐकण्यात नाही, वागण्यात आहे. आपल्याकडे दासबोधाच्या चौथ्या दशकात सख्यभक्तीवर एक समास आहे. देवाला आवडेल तसं वागावं आणि आपल्या मनासारखं झालं नाही तरी त्याच्यावर रुसू नये, असा त्याचा रोख. दोन्हीकडचा देव एकच असं मी म्हणत नाही. पण नगरच्या परिसरात नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली. त्यामुळे आमच्या घरांत हे दोन्ही सूर एकाच वेळी कानावर पडत आले आहेत.

माझी आजी स्वयंपाकघरात प्रभूशी बोलायची. ‘गॅस संपत आलाय रे बाबा, सोमवारपर्यंत पुरव.’ कपबिप काही नाही. मी लहानपणी विचारलं होतं, तो उत्तर देतो का गं? ती म्हणाली, ‘उत्तर कशाला? ऐकतो ना, झालं.’ शेजारच्या काकूंशी तिचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी हीच वाटीत काहीतरी घेऊन त्यांच्या दारात उभी. चूक काकूंची असली तरी. का, तर ‘त्याला नाही आवडत.’ आजीला ती प्रश्नावली दिली असती तर किती गुण मिळाले असते, मला माहीत नाही. पण ती मैत्री खरी होती की नाही हे शोधायचं असतं, तर मी आजीला विचारलं नसतं, शेजारच्या काकूंना विचारलं असतं.

पुढच्या अभ्यासाकडून माझी मागणी एवढीच आहे. देव किती ठसठशीत जाणवला हे जरूर मोजा. त्याबरोबर त्या महिन्यात माणूस कोणाच्या दारात वाटी घेऊन गेला, हेही विचारा, आणि शक्यतो त्या दारातल्या माणसाला विचारा. तिथे निदान उंबरठ्याचा घोळ कमी असेल.

पुस्तक मात्र वाचाच. विश्वास ठेवणारे असाल तर आपल्या सवयींकडे नीट बघाल, आणि नसाल तर त्या कपाला हसायचं थांबाल. आणि तुमच्याही गटात अशी गोल बैठक होत असेल, तर एखाद्या मुलीला ‘आज काहीच ऐकू आलं नाही’ असं न घाबरता म्हणता येईल, एवढी जागा तिच्यासाठी ठेवा.