तत्त्वज्ञान खरेच संपले आहे का?

स्टीफन हॉकिंग व लिओनार्ड म्लोडिनो यांचे ‘द ग्रँड डिझाइन’ हे पुस्तक २०१० साली प्रसिद्ध झाले. विश्वाची उत्पत्ती आणि भौतिकीचे नियम यांविषयी ते सुबोधपणे सांगते. विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे. मात्र आरंभीच लेखक तत्त्वज्ञान मृत झाल्याचे जाहीर करून टाकतात. तत्त्वज्ञांनी भौतिकीशी संपर्क ठेवला नाही, अशी त्यांची तक्रार आहे. तीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. भौतिकी न शिकता काळ आणि अवकाश यांवर बोलणाऱ्यांचे ऐकावे तरी का?

पण पुढे तेच लेखक सांगतात, की प्रतिमान ‘खरे’ आहे का हे विचारणे व्यर्थ. ते निरीक्षणांशी जुळते का, एवढेच पाहावे. हे विधान कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाले? कोणत्याच नाही. ते तत्त्वज्ञानच आहे!

शिवाय ‘जुळते का’ हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. युरेनसचा मार्ग न्यूटनच्या नियमांनी केलेल्या गणिताशी जुळेना. मग नियम टाकून द्यायचे? ल व्हेरिए यांनी तसे केले नाही. पलीकडे एक अज्ञात ग्रह असावा असे मानून त्यांनी त्याचे स्थान काढले. १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत गाल्ले यांना नेपच्यून त्या स्थानापासून एका अंशाच्या आत सापडला.

बुधाची कक्षाही गणिताशी जुळत नव्हती. १८५९ साली ल व्हेरिए यांनी तोच मार्ग धरला आणि सूर्याजवळ आणखी काही वस्तुमान असावे असे मानले. त्या कल्पित ग्रहाला ‘व्हल्कन’ हे नावही मिळाले. ग्रह मात्र मिळाला नाही. शतकाला सुमारे ४३ कोनीय सेकंदांच्या त्या फरकाचा उलगडा १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेने केला. या वेळी सिद्धान्तच बदलावा लागला.

माणूस तोच, युक्तिवादही तोच. एकदा यश, एकदा अपयश. प्रयोगात एकटे गृहीतक नव्हे, तर गृहीतकांचा सारा समूह तपासला जातो, हे प्येर द्युएम यांनी १९०६ साली दाखवले होते. ते भौतिकीचेही अभ्यासक होते आणि तत्त्वज्ञही.

पाठ्यपुस्तकातील ‘निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष’ या शिडीत ही अडचण दिसत नाही. म्हणून शिक्षकांनी वर्गात दोन्ही ग्रहांची गोष्ट सांगावी आणि विचारावे: १८५९ साली तुम्ही काय केले असते? त्यावर वर्गात जो वाद होईल, तोच विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा पहिला धडा.