‘लॅटिनो’ म्हणजे नेमके कोण?

मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्युबा, पेरू असे कुठलेही मूळ असले, तरी अमेरिकेत या साऱ्यांना सरसकट ‘लॅटिनो’ म्हणतात. जनगणनेला हा शिक्का सोयीचा आहे. वैद्यकाला तो पुरतो का?

मोरेनो-एस्त्रादा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध या प्रश्नाला भिडतो. त्यांनी एकट्या मेक्सिकोतील वीस आदिवासी व अकरा मिश्रवंशीय समूह तपासले. वायव्येकडील सेरी आणि दक्षिणेकडील लाकांदोन यांच्यातला जनुकीय फरक युरोपीय व चिनी लोकांमधील फरकाहूनही थोडा जास्त भरला!

मात्र वर्गात एवढेच सांगितले तर घोटाळा होईल. मूग, मटकी, चवळी मिसळलेल्या बरणीतून दोन छोट्या मुठी भरा. दोन्हींतले प्रमाण वेगळे निघेल. एखादे कडधान्य एका मुठीत येणारही नाही. लहान, एकाकी समाजात पिढ्यान्‌पिढ्या असेच घडते. येथील मोठा फरक मुख्यतः या योगायोगाचा आहे. दोन ‘वंश’ सापडले, असा त्याचा अर्थ नव्हे.

निबंधाचा खरा मोलाचा भाग पुढे आहे. फुप्फुसातून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, याचा संबंध पूर्वज मेक्सिकोच्या कोणत्या भागातले आहेत याच्याशी आढळला. वायव्य आणि आग्नेय टोकांतला फरक सुमारे दहा वर्षांनी वय वाढण्याएवढा आहे. सर्वांना एकच सरासरी लावली, तर निरोगी माणूस रोगी ठरेल किंवा रोगी सुटून जाईल.

उणीव आहे ती निष्कर्ष पेलण्यात. संबंध दिसला, पण कारणीभूत जनुक हाती लागलेले नाही. पूर्वजांकडून केवळ जनुके येत नाहीत. आहार, व्यवसाय, चुलीचा धूर आणि गरिबीही येते. या सांस्कृतिक वारशाला निबंधात फारशी जागा नाही.

ती का हवी, हे अमेरिकेतल्या आकडेवारीवरून कळते. तेथील चार शहरांतील सोळा हजारांवर लॅटिनो प्रौढांच्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण मूळच्या मेक्सिकन लोकांत सुमारे १८ टक्के, तर दक्षिण अमेरिकनांत सुमारे १० टक्के आढळले. दम्याचे चित्र आणखी वेगळे: प्वेर्तो रिकन लोकांत तो फार, मेक्सिकन लोकांत कमी. शिक्का एक, दुखणी निराळी.

म्हणून हा निबंध वाचावा, वर्गात चर्चेलाही घ्यावा. मात्र एका ढोबळ शिक्क्याच्या जागी जनुकांचे अनेक बारीक शिक्के मारणे म्हणजे रोगाचे कारण समजणे नव्हे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.