शेजारच्या बाकावरचं परगावचं पोर

इचलकरंजीत 'बाहेरचा' कोण, हे ठरवणं अवघड आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, घोरपडे सरकारांनी धंद्याला आश्रय दिला आणि माग चालवायला माणसं येत राहिली. कालची कानडी घरं आज गावकरी झाली. आज 'बाहेरचे' म्हणजे उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांची मुलं वर्गात आली की आपली मागे पडतात, ही कुरकुर पालकांत चालते. अभ्यास काय सांगतात?

गूल्ड, लावी आणि पासरमन यांचा २००९चा इस्रायलवरचा निबंध या कुरकुरीला आधार देतो: पाचवीत सोव्हिएत देशांतून आलेली मुलं जास्त, तिथं स्थानिकांचं शालान्त यश कमी. पण इंग्लंडमध्ये असा तोटा दिसला नाही. फ्लोरिडात फिग्लिओ, ज्युलियानो आदींनी एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली, तेव्हा थोडा फायदाच निघाला. कारण उघड आहे. परकी मुलं आली की ऐपतदार घरं आपली मुलं काढून घेतात; मागे उरतो तो गरीब वर्ग, आणि त्याच्या गुणांचं खापर परक्या पोरावर फुटतं. इंग्रजी माध्यमाकडे धावणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळं सांगायला नको.

माझा आक्षेप मोजमापावर आहे. मुलाचं बरं चाललंय हे नुसत्या गुणांवरून कसं कळणार? गौतम राव यांनी दिल्लीतल्या खासगी शाळा तपासल्या (२०१९). गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं अधिक उदार झाली, गरिबांना कमी टाळू लागली. इंग्रजीचे गुण किंचित घसरले. हा सौदा मला तरी महाग वाटत नाही.

मात्र दिल्लीची ती मुलं त्याच शहरात राहणारी होती. इथं दिवाळी-छठला गावी गेलेलं पोर त्याच वर्गात परतेलच असं नाही. २०२०च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली, पण त्या पोराला बोलती मराठी मिळते ती शेजारच्या बाकावरून, डबा खाताना. ते निघून गेलं की शेजाऱ्याचं काय होतं, हे वरच्यांपैकी एकाही निबंधानं विचारलेलं नाही. आणि त्या पोराचं स्वतःचं काय होतं, हे विचारायला तर या निबंधांच्या शीर्षकांतही जागा नाही. तिथं ते फक्त 'कारण' म्हणून येतं.