शोधाची तीन मिनिटं

गोल्फच्या नियमपुस्तकातल्या अठराव्या नियमाचं दुसरं कलम मी अनेकदा वाचलं आहे. त्याचा आशय एवढाच: खेळाडू किंवा त्याचा कॅडी, म्हणजे त्याची पिशवी वाहणारा मदतनीस, चेंडू शोधायला लागल्यापासून तीन मिनिटांच्या आत चेंडू सापडला नाही, तर तो हरवला. कायद्याचा मजकूर वाचून सहसा समाधान होत नाही. हा वाचून होतं. १ जानेवारी २०१९ पासून जगभरातल्या व्यावसायिक स्पर्धांत लागू असलेल्या या चार ओळींत माणसाच्या आशेचा, चिकाटीचा आणि शेजाऱ्याच्या वेळेचा जो विचार झाला आहे, तो सावकाश वाचण्याजोगा आहे.

आमच्या आळंदात गोल्फचं मैदान नाही. कलबुर्गी, उमरगा, अक्कलकोट या पट्ट्यातल्या माणसांना हा खेळ दूरचित्रवाणीवरच भेटला. चेंडू हरवणं म्हणजे काय, हे मात्र आम्हाला कोणी शिकवायला नको. हा तुरीचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास तूर छातीच्या वर जाते, फुलावर येते आणि रानाच्या कडेला क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा चेंडू एकदा आत गेला की ओळीओळीने पालथं घालावं लागतं. तिथे घड्याळ कोणी लावत नाही. अंधार पडला, की शोध थांबतो. मोठ्यांच्या क्रिकेटमध्येही हरवलेल्या चेंडूला मिनिटांचं माप नव्हतं. २०१७ पर्यंतच्या कायद्यात चेंडू मिळत नसेल तर क्षेत्ररक्षकाने ‘लॉस्ट बॉल’ असं ओरडायचं आणि फलंदाजाला सहा धावा द्यायच्या, किंवा तोवर पळून त्याहून जास्त झाल्या असतील तर तेवढ्या, अशी सोय होती. आता पंच चेंडू ‘डेड’ ठरवतात आणि दुसरा मागवतात. दोन्ही व्यवस्थांत चेंडू हरवला हे कोणीतरी माणूस जाहीर करतो.

गोल्फमध्ये ते कोणालाच जाहीर करता येत नाही. या नियमाचं सगळं सौंदर्य मला इथे दिसतं. खेळाडूने हात झटकले, ‘गेला माझा चेंडू’ असं चारचौघांत म्हटलं, तरी त्या म्हणण्याला नियमाच्या लेखी किंमत नाही. चेंडू दोनच प्रकारे हरवतो: तीन मिनिटं संपली म्हणून, किंवा खेळाडूने मागे जाऊन त्याच्या जागी दुसरा चेंडू प्रत्यक्ष खेळात आणला म्हणून. तोंडाचे शब्द पुरत नाहीत, कृती लागते. माणूस निराश झाला तरी नियम त्याच्या आधी निराश होत नाही.

याचा सर्वांत सुंदर दाखला १९९८ च्या यूएस ओपनचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोचं ऑलिंपिक क्लब मैदान, शेवटचा दिवस. ली जॅन्झन सकाळी पेन स्टुअर्टच्या पाच फटके मागे होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या होलवर त्याने आणखी दोन फटके गमावले. पाचव्या होलवर त्याचा पहिला फटका सुरूच्या जातीच्या एका झाडात शिरला आणि चेंडू खाली आलाच नाही. शोधून झालं, आणि जॅन्झन पुन्हा टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडे, चालू लागला. मनाने त्याने तो चेंडू सोडला होता. तेवढ्यात चेंडू झाडातून खाली पडला. त्या वेळी मुदत पाच मिनिटांची होती आणि ती संपली नव्हती. तो परत फिरला, चेंडू रफमधून, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतातून, बाहेर काढला आणि शेवटी होलभोवतीच्या ग्रीनच्या बाहेरून मारलेला छोटा फटका थेट होलमध्ये घालून पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेली फटक्यांची संख्या, साधला. संध्याकाळी तो एका फटक्याने विजेता होता. टीकडे टाकलेल्या त्या पावलांनी त्याचा चेंडू हरवला नव्हता, कारण दुसरा चेंडू अजून मारलेला नव्हता. नियम लिहिणाऱ्यांनी शब्द आणि कृती यांत जो फरक केला, त्याच्यावर एक मोठं अजिंक्यपद उभं राहिलं.

आता घड्याळ कुठून सुरू होतं ते पाहा. चेंडू उडाला त्या क्षणापासून नाही, आणि खेळाडू तिथवर चालत येतो तो वेळही त्यात धरलेला नाही. प्रेक्षकांनी आधीच गवत चाचपायला सुरुवात केली असेल, तरी ते शोधणं मोजलं जात नाही. खेळाडूने किंवा त्याच्या कॅडीने शोध सुरू केला की पहिला सेकंद. म्हणजे वेळ सुरू करण्याचा अधिकार ज्याचं नुकसान होणार आहे त्याच्याच हाती दिला आहे. मोठ्या स्पर्धेत रेफरी जवळ असला तर तो घड्याळ लावतो. नसला तर खेळाडूने स्वतः प्रामाणिकपणे मोजायचं. गोल्फ हा खेळ मुळातच खेळाडूने स्वतःवर पंचगिरी करण्यावर चालतो आणि हा नियम त्या विश्वासावर उघडपणे विसंबतो. गर्दीला शोधू द्यायचं आणि आपण रेंगाळत यायचं, अशी पळवाट काढणाऱ्यासाठी खेळ विनाकारण लांबवण्याविरुद्धचा वेगळा नियम आहे. या कलमात मात्र संशयाची भाषा शिरू दिलेली नाही. हा संयम मला मोठा वाटतो.

शेवटच्या सेकंदाची बाजूही तितकीच विचारपूर्वक रचली आहे. दोन मिनिटं पन्नास सेकंद झाली आहेत, आणि पलीकडच्या झुडपातून कोणीतरी हाक देतो की इथे एक चेंडू आहे. तो याचाच आहे का? तिथवर पोहोचेपर्यंत तीन मिनिटं उलटणार. नियम सांगतो, मुदतीच्या आत चेंडू दिसला असेल तर तो ओळखायला खेळाडूला वाजवी वेळ मिळेल, मग तीन मिनिटं ओलांडली तरी चालेल. म्हणूनच व्यावसायिक खेळाडू पेनाने चेंडूवर ठिपके, रेघा, आद्याक्षरं काढून ठेवतात. गवतात अर्धा रुतलेला चेंडू ओळखण्यासाठी उचलायचा तर आधी त्याच्या जागेची खूण करायची आणि ओळखण्यापुरताच पुसायचा. शोध आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुदत फक्त शोधाला आहे.

मध्येच व्यत्यय आला तर काय, तेही सोडलेलं नाही. धुक्यामुळे खेळ थांबवला आणि खेळाडूने शोधही थांबवला, तर उरलेला वेळ नंतर मिळतो. मात्र खेळ थांबलेला असतानाही तो गवत धुंडाळत राहिला, तर घड्याळ चालूच राहतं. एक मिनिट शोधल्यावर चेंडू मिळाला असं वाटलं, पुढचा फटका ठरवताना लक्षात आलं की हा दुसऱ्याचाच, तर परत जाऊन उरलेली दोन मिनिटं शोधता येतं. मोजायचं ते फक्त शोधणं.

आणि तीन मिनिटांनंतर? तीन मिनिटं एक सेकंदाला चेंडू पायाशी लख्ख दिसला, त्यावरची आपली खूण वाचता आली, तरी तो हरवलेलाच. तो मारला तर चुकीचा चेंडू मारल्याचा दोन फटक्यांचा दंड, आणि पुढच्या टीवरून मारण्याआधी चूक सुधारली नाही तर स्पर्धेतून बाद. डोळ्यांसमोर असलेली वस्तू नाहीशी झाली असं मानायला लावणारं हे कलम ऐकताना क्रूर वाटतं. मला ते तसं वाटत नाही. मुदत जर चेंडू दिसताच वितळणारी असेल, तर ती मुदतच नव्हे. मग प्रत्येक जण आणखी एका झुडपात डोकावत राहील आणि मागचे खेळाडू टीवर तिष्ठत राहतील.

हरवण्याची किंमत मात्र फार जुनी आहे. १७४४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथच्या गोल्फपटूंनी तेरा नियम लिहून काढले. त्यांतल्या आठव्यात चेंडू हरवला तर शेवटचा फटका जिथून मारला तिथे परत जायचं, दुसरा चेंडू टाकायचा आणि प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यायचा, असं आहे. आजही तेच: मागे जा आणि एक दंड सोसा. पण लीथच्या नियमात वेळेचा उल्लेख नाही. ती भर १७८३ मध्ये ॲबरडीनच्या गोल्फ मंडळींनी घातली, पाच मिनिटांची. तेच माप २०१८ च्या अखेरीस व्यावसायिक गोल्फमध्ये चालू होतं.

हा दंड किती जड पडतो ते २००३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल सेंट जॉर्जेसवर दिसलं. टायगर वुड्सचा स्पर्धेतला पहिलाच फटका उजवीकडच्या उंच गवतात गेला. त्या काळात त्याच्याइतकी गर्दी जगात दुसऱ्या कोणामागे नसे. खेळाडू, कॅडी, स्वयंसेवक, प्रेक्षक असे सगळे पाच मिनिटं शोधत होते. चेंडू मिळाला नाही. तो मागे गेला आणि पार चारच्या होलवर त्याचे सात फटके झाले. चार दिवसांनी बेन कर्टिस जिंकला आणि वुड्स दोन फटके मागे राहिला. पहिल्याच होलवर त्याने तीन जादा घेतले होते.

गर्दी असलेल्या खेळाडूला शोधात फायदा होतो, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो खराही आहे. आघाडीवरच्या जोडीमागे हजारो डोळे असतात. भल्या सकाळी निघालेल्या अनोळखी खेळाडूकडे सोबती आणि कॅडी यांचे. पाचाची तीन मिनिटं झाली, ती दुसऱ्याला जास्त बोचतात. या नियमाला मी एवढाच उणेपणा देईन. वुड्सचा प्रसंग मात्र सांगतो की हजार डोळेही हमी देत नाहीत.

मुदत कमी का केली? खेळ रेंगाळू नये म्हणून. बदलाचा मसुदा मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला आणि त्याच जुलैत रॉयल बर्कडेलवरच्या ब्रिटिश ओपनमध्ये जॉर्डन स्पीथने तेराव्या होलवर सगळ्यांना ताटकळत ठेवलं. त्याचा फटका कितीतरी उजवीकडे, वाळूच्या टेकाडावर गेला होता. चेंडू मुदतीत मिळाला, पण मारण्यासारखा नव्हता. मग रेषा धरून मागे मागे जात तो सराव-मैदानापर्यंत पोहोचला आणि तिथून खेळला. सुमारे वीस मिनिटं गेली. होल पाचात संपवून तो मॅट कुचरच्या एक फटका मागे पडला आणि पुढच्या चार होल्सवर बर्डी, ईगल, बर्डी, बर्डी (पारपेक्षा एक, दोन, एक, एक फटका कमी) करत तीन फटक्यांनी जिंकला. त्या वीस मिनिटांतला मोठा वाटा शोधाचा नव्हता, निर्णयाचा होता. चेंडू दिसताच शोधाचं घड्याळ थांबलं होतं. हा नियम आंधळेपणाने चाचपडण्याला आवर घालतो, विचार करण्याला नाही.

तीन मिनिटांच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा पुरावा दुसरीकडे आहे. त्याच १ जानेवारीला सातव्या नियमात आणखी एक बदल झाला. शोधताना चुकून चेंडू हलला तर पूर्वी खेळाडूला बहुतेक वेळा एका फटक्याचा दंड व्हायचा. आता होत नाही, चेंडू जागेवर ठेवायचा आणि पुढे खेळायचं. हे दोन बदल एकत्र वाचले पाहिजेत. आधीची पाच मिनिटं भीत भीत, पाय जपून टाकत जायची. आताच्या तीन मिनिटांत गवत मोकळेपणाने तुडवता येतं. वेळ घेतला आणि धास्ती काढून घेतली, हा सौदा मला न्याय्य वाटतो.

शिवाय ज्याला शंका आहे त्याने टीवरूनच ‘प्रोव्हिजनल’ म्हणजे तात्पुरता चेंडू मारून ठेवावा, याकडे छोटी मुदत आपोआप वळवते. त्यातही नाट्य आहेच. पहिला चेंडू मुदतीत आणि मैदानाच्या हद्दीत सापडला, तर तात्पुरता चेंडू होलच्या कडेवर असला तरी सोडून द्यावा लागतो. अशा वेळी खेळाडू सोबत्यांना म्हणू शकतो, शोधू नका. पण प्रतिस्पर्ध्याला ते ऐकण्याचं बंधन नाही. तो गवतात शिरू शकतो. आपला हरवलेला चेंडू सापडू नये असं स्वतः खेळाडूला वाटतं आणि प्रतिस्पर्धी मात्र मन लावून शोधतो आहे, अशी उलटापालट मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला खेळला तेव्हा त्याच्यासाठी हीच तीन मिनिटं होती, आणि येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर सकाळी खेळणाऱ्या हौशी माणसालाही हीच. फरक एका जागी आहे. हौशी खेळासाठी क्लबला एक स्थानिक नियम लावता येतो: मागे चालत न जाता दोन फटक्यांचा दंड घेऊन पुढेच चेंडू टाकायचा. व्यावसायिक आणि उच्च दर्जाच्या स्पर्धांसाठी तो नाही. तिथे परत चालत जावं लागतं, सगळ्यांच्या देखत, आणि तसंच असावं असं माझं ठाम मत आहे.

जुलैत ब्रिटिश ओपन स्पर्धा दाखवतात. कोणाचा तरी चेंडू उंच गवतात जाईल आणि पडद्यावर बराच वेळ नुसती खाली वाकलेली माणसं दिसतील. तेव्हा चॅनल बदलू नका. प्रेक्षक आधीपासून शोधत असतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. खेळाडू किंवा त्याचा कॅडी शोधायला कधी लागतो ते पाहा, घड्याळ तिथून सुरू होतं.