नाच्याची चाल आणि आपलें हसूं

तमाशांतील नाच्या हा मराठी प्रेक्षकांचा जुना परिचित. कमरेवर हात, मुरडती मान, लचकणारें मनगट आणि तें पाहून उठणारा हंशा, एवढेंच त्याचें चित्र बहुतेकांच्या मनांत असतें. हें चित्र पडद्यावर ठसविलें तें कोल्हापूरचे नट गणपत पाटील यांनीं. ते २००८ सालीं निवर्तले. पुढें मुंबईच्या ‘बिन बायकांचा तमाशा’सारख्या प्रयोगांत पुरुष नर्तकांनीं नऊवारी नेसून लावणी सादर केली. ज्या कलेस हल्लीं ‘क्वीअर’ म्हणतात, तिच्या दृष्टीनें नाच्याचा वारसा पुन्हां पाहण्याची ही एक रीत आहे. ती कितपत न्याय्य आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

१९११ सालीं मुंबईस ‘मानापमाना’ची भामिनी म्हणून बालगंधर्व रंगभूमीवर आले. त्याच वर्षीं माँटे कार्लो येथें निजिन्स्की हा रशियन नर्तक पाकळ्यांचा वेष करून गुलाबाचा आत्मा नाचला. पुरुषदेहांतील लालित्याला दोन्हीकडे मान मिळाला. निजिन्स्की व त्याचा आश्रयदाता द्यागिलेव यांचें प्रेम इतिहासास ज्ञात आहे. म्हणून २००० सालीं जॉन नॉयमायर यानें हँबुर्ग येथें त्याच्या जीवनावर बॅले रचला, तेव्हां तें प्रेम त्यांत उघडपणें येऊं शकलें.

गणपत पाटलांची गोष्ट वेगळी. ते संसारी गृहस्थ होते आणि पडद्यावरील भूमिकेचा शिक्का त्यांच्या घरादारावरहि बसला. प्रेक्षकांनीं सोंगालाच माणूस मानलें. आज कोणी सद्हेतूनेंहि त्यांना समलिंगी प्रेमाचे पूर्वसूरि ठरवूं लागला, तर तीच चूक उलट दिशेनें होईल. नर्तकानें त्यांची चाल घ्यावी; त्यांचें खाजगी जीवन नव्याने लिहूं नये.

मग सहानुभूति कशी असावी? आनंद यादव यांच्या कादंबरीवरून निघालेला ‘नटरंग’ (२०१०) हा चित्रपट नाच्याचें दुःख मोठ्या ताकदीनें दाखवितो. परंतु त्याचा नायक गुणा हा आधीं पिळदार देहाचा पैलवान आहे. हा खरा मर्द आहे, अशी खात्री पटल्यावरच आपले डोळे पाणावतात. जो मुळांतच नाजूक आहे, ज्याचें मन पुरुषावरच जडतें, त्याच्या वाट्याला ही करुणा येईल काय? माझें या चित्रपटाशीं भांडण आहे तें एवढ्याचसाठीं.

पुरुषांची लावणी असा दाखला मागत नाहीं, हें तिचें खरें श्रेय. तोच हात कमरेवर जातो, तीच मान मुरडते, पण नर्तक हंशाची वाट पाहत थांबत नाहीं. तो शृंगार शृंगार म्हणूनच मांडतो. समोरच्या प्रेक्षकाला मात्र आपण इतकीं वर्षें कशाला हसत होतों, हें स्वतःस विचारावें लागतें. समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा कलंक सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं पुसला. हंशाचा कलंक पुसणें हें कलेचें काम आहे.

या रीतीला एक धोकाहि आहे. लावणीची अदा ज्या स्त्रियांनीं बदनामी सोसून पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्यांचें ऋण विसरून केवळ चित्रपटांतील ठेका उचलला, तर नाच्याला प्रतिष्ठा मिळेल आणि नाचणारी पुन्हां मागें पडेल. असा न्याय अर्धाच.

आम्हां वर्ध्याकडील मंडळींना हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. विदर्भाच्या खडी गंमतींतहि पुरुषच लुगडें नेसून नाचत आला आहे. घरच्या मुलांना घेऊन आपण ती पाहतों आणि हसतों. त्या मुलांपैकीं एखादा हसत नसेल, तर तो कां हसत नाहीं, हें त्याला दरडावून नव्हे, मायेनें विचारावें.