घरातील अद्भुताचा पट

एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या होसकोट्यास, बदलीवर आलेल्या एका स्नेह्यांच्या घरी, दर रविवारी गेली सात वर्षे एकच खेळ चालू आहे: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी तो १९७४ साली तीन पुस्तिकांत प्रसिद्ध केला. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राची कृती बोलतात, आणि ती साधली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवितो.

यास वाङ्मय म्हणावे काय? आम्हांस शंका होती. परंतु कोकणच्या दशावतारात आख्यान ठरलेले असले तरी संवाद रंगमंचावरच सुचतात, आणि त्यास आपण कला म्हणतोच. येथे तर आख्यानही मोकळे. परवा स्नेह्यांनी तीन आठवडे खपून रचलेल्या किल्ल्याकडे खेळणारी मंडळी फिरकलीच नाहीत. वाटेवरच्या नावाड्याशीच बोलत बसली. स्नेह्यांनी टिपणवही मुकाट्याने मिटली व त्या नावाड्यास तेथल्या तेथे एक पूर्वायुष्य दिले. पट सात वर्षे टिकला तो, आमच्या मते, अशा त्यागामुळे. आपण योजिलेल्या शेवटाचा लोभ न सुटणारा लेखक या कामी निरुपयोगी.

एक उणीव मात्र खटकते. पात्रांची नावे सारी परदेशी, आणि कथा रंगात आली की मराठी सुटते. नावाडी तेवढा, का कोण जाणे, मराठीत बोलला.