जंजिऱ्यावर पाटी कुणी लिहायची?

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलं की किल्ला यायच्या आधीच त्याची गोष्ट सुरू होते. कुणालाही जिंकता न आलेला किल्ला. जवळ जाईपर्यंत न दिसणारा दरवाजा. कलालबांगडी तोफ. यातलं बरंचसं खरं आहे. शिवाजी महाराजांना जंजिरा घेता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास समुद्रात भराव टाकून वाट बांधायला घेतली, तीही अपुरी राहिली. तेव्हा माझा आक्षेप खोटेपणाला नाही. आक्षेप आहे तो ही सगळी गोष्ट तटाच्या बाहेर उभं राहून सांगितली जाते याला. किल्ला कुणाला मिळाला नाही हे कळतं. आत कोण राहत होतं, हे मात्र कळत नाही.

आत सुरुलखानाचा वाडा आहे. मजल्यांवर मजले, कमानी, छप्पर गेलेलं, भिंतींत झाडांची मुळं. बहुतेक लोक त्याच्यासमोर सेल्फी काढून बुरुजाकडे वळतात. त्यांचं चुकत नाही. हे घर कुणाचं होतं हे सांगायला तिथे कुणीच नाही, आणि होडीवाल्यानं दिलेला वेळ संपत आलेला असतो.

सिद्दी मूळचे हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या आसपासचे. गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या या माणसांतूनच मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जंजिऱ्याच्या सिद्दींनी आधी आदिलशाहीचं, मग मुघलांचं आरमार सांभाळलं. १६८९-९० मध्ये सिद्दी याकूतखानानं इंग्रजांच्या मुंबईला वेढा घातला होता. पुढे हे संस्थान झालं आणि १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. या सिद्दींनी किनाऱ्यावरच्या गावांना जाचही केला, तोही सांगायलाच हवा. पण खलनायक एवढीच ओळख दिली, की आफ्रिकेतून आलेली माणसं कोकणातली कशी झाली, हा सगळ्यात मोठा प्रश्नच गळून पडतो.

इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा बघा. सुलतानशाही संपल्यावर तुर्की प्रजासत्ताकानं १९२४ साली त्याचं संग्रहालय केलं. ज्यांची सत्ता आपण संपवली, त्यांचं घर मोडायचं नाही, लोकांना दाखवायचं, असा तो निर्णय होता. त्या राजवाड्याच्या जनानखान्यावर आफ्रिकी खोजांचा पहारा असे, आणि त्यांच्या राहण्याच्या जागाही तिथे जपलेल्या आहेत. आफ्रिकेच्या त्याच भागातून माणसं पकडून नेली गेली. तिथे ती पहारेकरी झाली, इथे राज्यकर्ती. पण तिथल्या पहारेकऱ्यांची खोली दाखवली जाते आणि इथल्या राज्यकर्त्यांच्या वाड्याला धड ओळखही नाही.

मुरुडला नवाबांचा आणखी एक राजवाडा आहे, रस्त्यावरून दिसणारा. तो खासगी मालमत्ता आहे, बाहेरच्यांसाठी बंद. त्याबद्दल तक्रार नाही. कुणाचं घर आपल्यासाठी उघडं असलंच पाहिजे असं नाही. पण म्हणूनच समुद्रातल्या वाड्याची जबाबदारी वाढते. तो सरकारी संरक्षणातला आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांचा आहे.

पाटी लिहायची तर दरवाजापासून सुरुवात करता येईल. तिथे हत्तींना पंजात धरलेल्या श्वापदाचं शिल्प आहे. ‘सिंह म्हणजे सिद्दी, हत्ती म्हणजे त्याचे शत्रू’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. पण हत्तींना दाबणारा शरभ दख्खनेतल्या इतर किल्ल्यांच्या दारांवरही सापडतो. सत्तेची ही चित्रभाषा एकमेकांशी लढणाऱ्यांनी वाटून घेतलेली होती. मला त्या दारावरची सगळ्यात रोमांचक गोष्ट हीच वाटते, आणि तीच कुणी सांगत नाही.

नावापासूनही सुरुवात करता येईल. जंजिरा हा शब्द अरबी जझीरापासून आला आहे, म्हणजे नुसतं बेट. त्यात अजिंक्य वगैरे काही नाही. तिथे शेजारी बोलीभाषेतले शब्द, परदेशातून आलेली माणसं आणि कोकणातला काळा दगड एकत्र आले.

तुम्ही गेलात, तर परतताना खोकरीला थांबा. राजपुरीजवळच सिद्दींची थडगी आहेत, दगडी, घुमटांची. ज्यांना हरवता आलं नाही असं होडीत ऐकलं, ती माणसं तिथे पुरलेली आहेत, याच मातीत.